तंबाखूच्या पाण्यात ठेवलेले कांदे

बाई,

तुमच्या विद्यार्थ्यांनी तुमच्यावर एक पुस्तिका काढायची ठरवलीय. "मामा, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो," असं म्हणत होते. मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर इतकी वर्षं लेबलं कोण लिहीत होतं? शाळा चौथीपर्यंतच झालीय माझी, पण माझं अक्षर वाचून कुणी स्पिरिटच्या जागी आम्ल ओतलं असं एकदाही झालं नाही. तेव्हा हे मीच लिहितोय. कुणी यात काना-मात्रा दुरुस्त करायला गेलं तर माझ्याशी गाठ आहे.

मोठी गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत मी ती गिळून बसेन. मी आज जिवंत आहे तो तुमच्यामुळं. नऊ वर्षं झाली, हे मी तुम्हाला एकदाही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून हसला असतात, आणि तुम्ही तशा हसलात की मला राग येतो हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी जयसिंगपूरला तुमच्या दारात आलो तेव्हा तुमची भाची म्हणाली, "मामा, आत्याशी बोला काहीतरी." मी फुलं ठेवली, हात जोडले आणि म्हणालो, "बरं, बाई." झालं. एवढ्या वर्षांचं एवढंच निघालं तोंडातून. घरी येताना गाडीत माझा मलाच इतका राग आला की माझी बायको पारू म्हणाली, "खिडकीकडं तोंड करून बसा, समोरची माणसं घाबरायल्यात."

जे तुम्हाला ओळखतात पण मला ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बाईंचा मदतनीस होतो. झाडलोट, बाटल्या, काचा सगळं माझ्याकडं, पण माझं खरं काम कांदे. लाल कांदा घ्यायचा, जुना, कोंब न आलेला. बुडाची वाळकी मुळं ब्लेडनं खरवडायची आणि पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर तो असा बसवायचा की बूड पाण्याला नुसतं टेकलं पाहिजे. बुडाला तर कुजतो, टेकला नाही तर रुसतो. चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी साडेआठच्या सुमाराला त्या मुळांची टोकं कापायची, कारण त्या वेळेला तिथं पेशींची वाटणी जोरात चालू असते. मग ती टोकं औषधात ठेवायची, आम्लात मऊ करायची, लाल रंगात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, पण उकळी येऊ द्यायची नाही. शेवटी काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि त्यावर अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा. केसभर सरकला की पेशी एकमेकींच्या अंगावर चढतात आणि चार दिवस वाया.

माझ्या अंगठ्याखालची स्लाइड कधी वाया गेली नाही. ही बढाई नाही, तुमच्याच तोंडचं सांगतोय. बाहेरगावचे परीक्षक विचारायचे, ही कुणी केली? तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात आणि मी मुद्दाम पाठ करून काचा पुसत उभा राहायचो.

आपलं पहिलं भांडण वेळेवरून झालं. तुम्ही जयसिंगपूरहून रेल्वेनं यायचात, प्रयोगशाळेत पाय टाकेपर्यंत दहा.

"मामा, मुळं माझ्यासमोर कापायची," तुम्ही म्हणालात.

"कांदा तुमच्या गाडीची वाट बघत बसत न्हाय, बाई."

"मग विद्यार्थ्यांना काय दाखवू? तुम्ही कापून ठेवलेलं?"

"व्हय. नापास झाली तर माझं नाव सांगा."

तुमचं म्हणणं, दहालाही वाटणी चालू असते. माझं म्हणणं, असते, पण तिच्यात जोर नसतो. हे भांडण मी रिटायर होईपर्यंत चाललं आणि मिटलं नाही. आता तुम्ही निघून गेलात म्हणून मी जिंकलो असं मी मानत नाही, तुम्हीही मानू नका.

पहिली दोन वर्षं मी स्लाइडी करत होतो पण आत बघत नव्हतो. करायचं काम आपलं, बघायचं काम शिकलेल्यांचं, असं डोक्यात होतं. एक दिवस तुम्ही विचारलंत, "मामा, घरी भाजी कोण करतं?"

"पारू."

"मीठ बघते की नाही चाखून?"

"बघते की."

"मग तुम्ही का बघत नाही?" असं म्हणून तुम्ही उठलात आणि तुमची खुर्ची माझ्याकडं सरकवलीत. वर्गातली सगळी पोरं बघत होती. त्या खुर्चीवर बसायला मला लाज वाटली, म्हणून मी उभ्यानंच मान वाकवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आत विटांची भिंत असावी तशा पेशी होत्या आणि विटेविटेत लाल दोरे. एकीत नुसती गुंतवळ. शेजारणीत तेच दोरे आखूड, जाड होऊन मधोमध ओळीत उभे. तिसरीत ओळ फुटून निम्मे वर, निम्मे खाली निघालेले. चौथीत ते दोन टोकांना जाऊन बसलेले आणि मध्ये नवी भिंत उठत होती. मी डोळा काढायला तयार नव्हतो. मागून कुणीतरी म्हणालं, मामा, आम्हाला पण बघू द्या की.

मग पोरं गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत. ते लाल दोरे म्हणजे गुणसूत्रं, कांद्याच्या पेशीत ती सोळा असतात. वाटणी करायच्या आधी पेशी त्या सोळाही जणांची हुबेहूब दुसरी प्रत काढते, आणि दोन्ही प्रती कमरेला चिकटवून ठेवते. मग त्या जोड्या मधल्या रेषेवर येतात. पेशीच्या दोन्ही टोकांकडून बारीक धागे येतात, जोडीतल्या एकीला इकडून धरतात, दुसरीला तिकडून. सगळ्या जोड्या धरल्या गेल्या की मगच त्या सुटतात. सोळा इकडं, सोळा तिकडं. एकाच्या दोन पेशी, दोघींचं सामान सारखं.

"म्हणजे रस्सीखेच," मी म्हटलं. आमच्या मंगळवार पेठेत गणपतीत मी दरवर्षी दोर ओढायचो.

"रस्सीखेचीत एक बाजू जिंकते. इथं कुणी जिंकलं तर घात झाला."

"आणि एखादी जोडी धरायची राहिली तर?"

"तर पेशी थांबते. सगळे आले का बघते, मगच पुढं जाते."

"कंडक्टरसारखी."

"तुमच्या वडगाव गाडीच्या कंडक्टरपेक्षा बरी," तुम्ही म्हणालात. पेठ वडगाव माझी सासुरवाडी. तिथल्या गाडीनं मला एकदा पिशव्यांसकट रस्त्यावर सोडलं होतं, ते मी तुम्हाला उगाच सांगून बसलो होतो.

"आणि तो कंडक्टरच झोपला तर?" मी विचारलं.

त्यावर तुम्ही हसला नाहीत. "तर एकीला सतरा मिळतात, दुसरीला पंधरा. नाहीतर एखादं गुणसूत्र तुटून मधेच राहतं. अशा पेशी बहुतेक वेळा आपण होऊन मरतात. पण एखादी मरत नाही, मामा. थांब म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. ती वाटण्या करत सुटते, आणि तिच्या पोटच्याही तशाच."

"माझ्यातबी हे असंच चालतं?"

"सोळाच्या जागी शेहेचाळीस, एवढाच फरक. आत्ता चाललंय. तुमच्या कातडीत, हाडांत, गालात."

तो सगळा आठवडा मी स्वतःला जपून चालवलं. पारूनं हाक मारली तरी जपून वळायचो. आत एवढं नाजूक काम चाललंय आणि आपण धसमुसळेपणा करायचा, बरं दिसत नाही.

गालाचं तुम्ही सहज बोलला होतात. त्याच गालात, डावीकडं, मी तंबाखूचा बार ठेवायचो. सकाळी उठल्यापासून. तुम्ही पंचवीस वर्षं मला त्यावरून बोललात आणि मी पंचवीस वर्षं तुमच्यासमोरच मळली. फक्त स्लाइड दाबायच्या आधी अंगठा साबणानं धुवायचो, कारण एकदा काचेखाली तंबाखूचा कण निघाला होता आणि तुम्ही तो सगळ्या वर्गाला दाखवून विचारलं होतंत, "ही कोणती वनस्पती?" एका पोरीनं बरोबर उत्तर दिलं.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपल्या आणि विभागाचं जेवण ठेवलं. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. तुम्ही शाकाहारी, तुमचं ताट वेगळं, पण लक्ष आमच्या वाट्यांवर. जेवणं झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"मामा, तांबडा का नाही घेतला?"

"पोट बरं न्हाय."

"पोट बरं नसलेला माणूस चार वाट्या पांढरा पीत नाही."

कोल्हापूरचा माणूस तांबड्याला नको म्हणतो तेव्हा काहीतरी बिनसलंय, हे जयसिंगपूरच्या शाकाहारी बाईला कळलं आणि माझ्या घरच्यांना कळलं नाही. खरं असं होतं की तीन महिने झाले, तिखट लागलं की डावा गाल पेटायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही दार लावून घेतलंत आणि मला टेबलावरचा दिवा धरून तोंड उघडायला लावलंत. गालात पांढरा चट्टा, मध्ये लाल. आणि तोंड पूर्वीएवढं उघडत नव्हतं.

"उद्या डॉक्टर," तुम्ही म्हणालात.

"उष्णता हाय. गुलकंद खातोय."

"मामा."

"आमच्या आज्ज्यानं मरंस्तवर खाल्ली. नव्वद वर्षं जगला."

महिनाभर तुम्ही मागं लागलात. समजावून झालं, रागावून झालं, पारूला सांगून झालं. पारू म्हणाली, "बाई, मी लग्न झाल्यापास्नं सांगतीया. माझं ऐकलं असतं तर तुमच्यापतूर कशाला आलं असतं?" मी ऐकत नव्हतो, कारण मला भीती वाटत होती. आज लिहितोय म्हणून लिहितो. तेव्हा मी त्याला स्वाभिमान म्हणत होतो.

शेवटी एक दिवस मीच चुकून बोललो. "तंबाखूनं पेशीला काय होत न्हाय. होत असतं तर माझ्या अंगठ्याला झालं असतं, रोज मळतोय."

तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. "कांद्याला विचारू या का?"

"विचारा."

"कांद्यानं माझी बाजू घेतली तर?"

"कांदा कुणाची बाजू घेत न्हाय. घेतलीच, तर म्हणाल त्या डॉक्टरकडं येतो."

सहा कांदे लावले. चार दिवस सहाही साध्या पाण्यात. मुळं बोटाच्या पेराएवढी झाल्यावर तीन कांदे तिथंच ठेवले आणि तीन उचलून, माझ्याच चंचीतली तंबाखू भिजवून गाळलेल्या पाण्यावर बसवले, एक दिवस. चुना घालायचा का यावरून वाद झाला. तुम्ही म्हणालात, नको, नंतर म्हणाल चुन्यानंच झालं. मी म्हटलं, चुन्याशिवाय तंबाखू कोण खातं, हा प्रयोग अर्धा आहे. अजूनही माझं मत तेच आहे.

मग तुम्ही म्हणालात की स्लाइडी विद्यार्थी करतील.

"दुसऱ्याच्या हातची स्लाइड मी मानणार न्हाय."

"मग तुम्हीच करा," तुम्ही इतक्या पटकन म्हणालात, की मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

सकाळी साडेआठला टोकं कापली. त्या दिवशी तुम्ही पहिल्या गाडीनं आला होतात. अंगठा दोनदा धुतला. साध्या पाण्यातल्या तिन्ही स्लाइडी आधी बघितल्या. देखणं काम. ओळीत उभ्या, वर-खाली निघालेल्या, मध्ये भिंती उठलेल्या, जिकडं बघावं तिकडं वाटणी. मग तंबाखूच्या पाण्यातली पहिली घातली.

मुळाची टोकंच मुळात तपकिरी पडली होती. आत वाटणी चाललेली पेशी शोधावी लागत होती. एक सापडली. दोरे दोन्हीकडं गेले होते, पण एक दोरा मधेच अडकून दोन टोकांना ताणून बसला होता. मी मान वर केली.

"रंग नीट चढला न्हाय," मी म्हटलं.

दुसरी घातली. तिच्यात दोन्ही टोकांना घोळके, आणि मध्ये एक तुकडा एकटाच, कुणीच न धरलेला.

"काच जाड हाय ही."

तिसरी घातली. तिचा फोकस मी तीनदा फिरवून बघितला. तुम्ही वही उघडलीत, पेन घेतलंत आणि अगदी शांतपणे विचारलंत, "मामा, मी काय लिहू? आज पहिल्यांदा मामांच्या स्लाइडी बिघडल्या, असं लिहू का?"

बाई, तुम्ही मला चांगलं अडकवलंत. एकतर माझी स्लाइड वाईट, नाहीतर माझी तंबाखू वाईट. तिसरी वाट तुम्ही ठेवलीच नव्हती. दुसऱ्या कुणी दाबली असती तर मी त्याच्या अंगठ्यावर ढकलून मोकळा झालो असतो. पण तिन्ही माझ्या हातच्या होत्या. मी पुन्हा डोळा लावला. बाहेर कुणीतरी नळ सोडून ठेवला होता, तो वाजत होता.

"माझी स्लाइड बिघडत न्हाय," मी म्हटलं.

"मग काय बिघडलंय?"

मी चंची काढली आणि फुटक्या काचांच्या डब्यात टाकली. "कवा जायचं डॉक्टरकडं?"

तेव्हा तुम्ही हसला असतात तर मी गेलो नसतो. तुम्ही हसला नाहीत. उलट म्हणालात, "कांद्याचं मूळ म्हणजे तुमचा गाल नव्हे, मामा. कांद्यानं एवढंच सांगितलं की जाऊन बघायला हवं." हा तुमचा खरेपणा. जिंकलेल्या माणसाला एवढं बोलायची गरज नसते.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गालातून डाळीएवढा तुकडा काढला आणि आठवड्यानं बोलावलं. सुरुवात झालीय म्हणाल्या, पण लवकर आलात, कापून काढू. समोर कागद ठेवला सहीसाठी.

"आधी मला स्लाइड बघायचीय," मी म्हटलं.

"आजोबा, ती तुम्हाला कळणार नाही."

"डॉक्टर, दाखवा त्यांना," तुम्ही म्हणालात, "नाहीतर इथंच मुक्काम ठोकतील."

खालच्या मजल्यावर नेलं. मी डोळा लावला, नीट बघितलं आणि म्हणालो, "रंग झकास. काप जरा जाड पडलाय."

"मशिनवर कापतात हो."

"मग मशिनला सांगा."

त्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही छताकडं बघत होता. मग मी आणखी बघितलं आणि माझी गंमत संपली. कांद्याच्या पेशी कशा ओळीत असतात. या माझ्याच पेशी, पण ओळ मोडून एकमेकींना रेटत उभ्या. आणि एका पेशीत दोऱ्यांची ओढाओढ दोन बाजूंनी नव्हे, तीन बाजूंनी चालली होती. तीन टोकं. इतक्या स्लाइडी केल्या, तसं कधी बघितलं नव्हतं. दाखवायला कुणी लागलं नाही. माझं मलाच दिसलं.

"ही कुणाचं ऐकत न्हाय," मी म्हटलं.

"कुणावर गेलीय?" तुम्ही म्हणालात.

डॉक्टर हसल्या, तुम्ही हसलात, आणि मलाही हसू आलं. डावा गाल दुखला. मग वर जाऊन मी सही केली, पूर्ण नाव, लेबलावर लिहायचो तशी.

ऑपरेशनच्या दिवशी पारू आणि तुम्ही बाहेर बसला होता. पारूनं नंतर सांगितलं की तुम्ही तिला धीर द्यायला म्हणून पेशीची वाटणी समजावून सांगत होतात, आणि ती तुम्हाला धीर द्यायला म्हणून समजल्यासारखं करत होती.

आठवड्यानं टाके बघायला तुम्ही घरी आलात. मला बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचो. मी लिहिलं, त्या हरामखोर पेशी सगळ्या निघाल्या का. तुम्ही म्हणालात, हरामखोर कशाला म्हणता, त्यांना थांब म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. मी लिहिलं, तरीपण हरामखोर. हेही भांडण तसंच राहिलंय. मग तुम्ही माझ्या हातातून पाटी घेतलीत आणि टाक्याच्या दोन कडा काढल्यात. दोन्ही कडांवर बारीक बारीक पेशी काढल्यात आणि त्यांत दोरे. म्हणालात, "बघा, आत्ता हे चाललंय. ज्या वाटणीनं घात केला तीच आता जखम भरतेय. इकडच्या पेशी तिकडच्यांना जाऊन भेटतील, आणि भेटल्या की थांबतील." ती पाटी पारूनं चार दिवस पुसू दिली नाही. माझं बोलणं बंद राहिलं म्हणून तिला तशी घाईही नव्हती.

त्यानंतर वर्षातून एकदा तपासणीला तुम्ही माझ्याबरोबर यायचात. स्वतः रिटायर झाल्यावरही, गुडघे दुखत असतानाही. तपासणी झाली की मंगळवार पेठेत आमच्या घरी जेवण, आणि जेवणानंतर भांडण. पारू म्हणायची, "तुमच्या दोघांच्या भांडणात माझी दुपार बरी जाते." तुम्ही एकदा मला विचारलं होतंत, मामा, तुम्हाला शिकायला मिळालं असतं तर काय झाला असता? मी म्हटलं, परीक्षक झालो असतो आणि तुमच्या पोरांना साडेआठला बोलावलं असतं. तुम्ही इतक्या हसलात की पाण्याचा ठसका लागला. त्या नऊ वर्षांतला एकेक दिवस मला वरकड मिळालाय, बाई. नातीचं लग्न बघितलं. पारूबरोबर दोनदा जोतिबा केला. तुमच्याशी भांडलो.

गेल्या रविवारी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. तुमचे विद्यार्थी कुठं कुठं आहेत, तुम्ही किती शोधनिबंध लिहिले, सगळं. मग कुणीतरी म्हणालं, मामांनी दोन शब्द बोलावेत. मी माइकजवळ गेलो. दोन शब्द घरून ठरवून आणले होते, तेच, नऊ वर्षं राहिलेले. ते काही केल्या निघेनात. मग मी दिव्याकडं तोंड केलं, आ वासला, डावा गाल बोटानं ओढून धरला आणि सगळ्या सभेला आतली शिवण दाखवली. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी मान मागं घेतली. मी म्हटलं, "हे बाईंचं काम," आणि खाली येऊन बसलो.

चहाच्या वेळी ऑफिसातला शिपाई रफीक माझ्याजवळ आला. वडगावचा आहे, पंचेचाळिशीचा असेल. कप हातात, पण चहा पीत नव्हता.

"मामा, तुमच्या गालात आधी कसं हुतं? पांढरं?"

"पांढरं. का?"

"न्हाय, सहज."

"तिखट लागतंय?"

तो कपात बघत राहिला. "लागतंय जरा. पण ते उष्णतेनं असंल."

बाई, त्या माणसाच्या तोंडून माझाच आवाज आला. आता माझ्याकडं प्रयोगशाळा नाही, कांदे नाहीत, आणि रफीकला स्लाइडीचा अभिमान नाही. मी पुन्हा तोंड उघडलं आणि म्हटलं, "बोट घाल." तो मागं सरला. "घाल म्हणतोय न्हवं." त्यानं हात धुऊन आणला आणि शिवणीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आता दुखत न्हाय?"

"न्हाय. पण मी महिनाभर थांबलो, म्हणून शिवण एवढी लांब हाय. गुरुवारी नऊला दवाखान्यात ये. न्हाय आलास तर मी वडगावला येऊन तुझ्या दारात बसतो. मला उद्योग न्हाय दुसरा."

आज गुरुवार. पावणेनऊलाच आला, बायकोला घेऊन. तिनं येताना माझ्यासाठी डब्यात खीर आणली होती, मऊ, गालाला त्रास होणार नाही अशी. म्हणजे रफीकनं घरी सगळं सांगितलं होतं.

खिडकीतल्या पोरीनं रफीकचं नाव, वय, गाव लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"कोण न्हाय."

"मग कुणाची चिठ्ठी आहे? कुणी पाठवलंय?"

"आमच्या बाईंनी पाठवलंय," मी म्हटलं.

"कोण बाई?"

मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, पावणं, आटपा की. मी वळून त्याला म्हटलं, थांब जरा. आणि त्या पोरीला सांगितलं की मी हा तुझ्यासमोर उभा आहे तो त्या बाईंनी उभा केलाय. त्या नसत्या तर मी नऊ वर्षांपूर्वीच गेलो असतो. अगदी सहज सांगितलं, एका दमात, जसं काय रोजच सांगतोय. रफीकची बायको माझ्याकडं बघत होती.

त्या पोरीनं मान हलवली, नाव विचारलं, आणि 'कुणी पाठवलं' या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. पुढं आजची तारीख घातली. मी खिडकीत वाकून नीट वाचून घेतलं. बरोबर लिहिलंय.